उलटी बाजू नसलेली बंडी

कर्जतच्या बाजारात लोकर मागितली की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "बारसं कधी?"

त्याचंही चूक नाही म्हणा. आमच्या भागात लोकर लागते ती तान्ह्या बाळाला. टोपडं, मोजे, फार तर एक झबलं, की संपलं. थंडी म्हणजे काय, तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे शेतांवर धुकं उतरतं, उडवीवरचा पेंढा दवानं ओला होतो, आणि नऊ वाजले की ऊन असं चटकतं की पहाटे आपण कुडकुडत होतो हे खरं वाटत नाही. मोठी माणसं तयार स्वेटर घेतात आणि दहा वर्षं वापरतात. हातानं विणत बसतंय कोण? म्हणून चव्वेचाळीस वर्षांची बाई दुकानात उभी राहून लोकर मागायला लागल्यावर दुकानदारानं मला वरपासून न्याहाळलं आणि नजर पोटापाशी आणून थांबवली.

"सासऱ्यांना हवीय," मी म्हटलं.

मग त्यानं गुलाबी, पांढरी आणि लिंबाच्या रंगाची अशा तीन लोकरी समोर टाकल्या आणि विचारलं, "यातली कुठली देऊ सासऱ्यांना?"

मी असं बघितलं त्याच्याकडे की बिचारा मुकाट्यानं शिडी घेऊन आला. सगळ्यात वरच्या फळीवरून, शाळेच्या स्वेटरांसाठी कधीतरी आणलेली गर्द निळी लोकर त्यानं खाली काढली. धूळ झटकली. एवढीच आहे, म्हणाला. मी सगळी घेतली. रंग असा हवा होता की बघून कुणी हसणार नाही. माझं सगळं घोडं तिथंच अडलेलं होतं. कुणी हसता कामा नये.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. लग्न होऊन कडावला आले तेव्हापासून आमचं दोघांचं भांडण चालू आहे आणि ते दोघांनाही मानवतं. सासूबाई होत्या तोवर त्या मधे पडायच्या. त्या गेल्या आणि आम्हाला रान मोकळं मिळालं. माझा नवरा टेंपो चालवतो, तो सकाळी लवकर जातो, त्यामुळे पंचही कुणी नाही. मामांचा स्वभाव तिखट, माझाही काही गोड नाही. ते खुशीत असले की मला पोरी म्हणतात आणि चिडले की सूनबाई. वीस वर्षांत सूनबाई जास्त वेळा झालं असेल.

मामांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. ध्यानात आला तेव्हा उशीर झालेला होता. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलीय ती राखा. उरलीय म्हणजे उजेड कळतो, समोर कुणी उभं आहे एवढं कळतं, बाकी धुरकट. पण म्हैस तेच पिळायचे. आणि पिळलेलं दूध किटलीत घेऊन डेअरीवर घालायलाही तेच जायचे, एकटे. घरापासून डेअरी दोनशे चाळीस पावलं, मधे चिंचेपाशी एक वळण. कुणी हात धरायला गेलं की हात झटकायचे. दूध घालून झालं की तिथल्या बाकावर त्यांच्याच वयाच्या चार म्हाताऱ्यांबरोबर तासभर बसायचे. कुणाचं भात झोडून झालं, कुणाच्या जावयानं गाडी घेतली, सगळ्या पंचक्रोशीची उठाठेव तिथं. तो तास म्हणजे त्यांचा जीव होता. त्या तासासाठी ते दाढी करायचे, दिसत नसताना, नुसत्या बोटांनी चाचपून.

आता जे सांगायचंय ते मला सांगवत नाही, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गेल्या डिसेंबरातली सकाळ. भांडण म्हशीवरून झालं. आमच्याकडे सहसा म्हशीवरूनच होतं. मी खालापूरकडे कुंभिवलीजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. कंपनीची बस कर्जतहून सुटते, ती पकडायला कडावहून टमटम, त्याआधी सगळ्यांचे डबे. नेमकी त्याच घाईत मामांची गोठ्यातून हाक आली, दूध गाळून किटलीत भर.

मी म्हटलं, "थांबा जरा."

"म्हस थांबत नाय."

"कंपनी पण थांबत नाही."

"तुजी कंपनी काल आली. म्हस पयल्यापासनं हाय."

इथवर रोजचंच होतं. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं. मी बोलून गेले, "दिसत नाही तर हौस कशाला एवढी? विकून टाका ती म्हैस."

मामा गोठ्यातून आत आले. स्वतःच दूध गाळलं, थोडं ओट्यावर सांडलं. खुंटीवरचा स्वेटर ओढला आणि डोक्यातून घातला. एरवी ते आधी मानेजवळची कंपनीची पट्टी बोटांनी चाचपायचे आणि त्यावरून बाजू ओळखायचे. शर्टाला गुंड्या असतात, त्या बोटांना सांगतात. स्वेटरला विचारावं लागतं. रागात ते विचारायचं राहिलं.

मी दारात उभी होते. मी पाहिलं. स्वेटर उलटा होता, शिवणी बाहेर आल्या होत्या, पट्टी गळ्यापाशी पांढरी लोंबत होती. तोंड उघडलं मी. आणि मिटलं. मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगते: जाऊ दे, हसतील तेव्हा कळेल.

पाच मिनिटांनी मी टमटममध्ये बसले. टमटम डेअरीसमोरच थांबते. बाकावरचा एक म्हातारा ओरडला, "काय रं, आज अस्तर बाह्यर काडून आलास?" आणि सगळे हसले. वाईट हसले असं नाही. दोस्तच ते, आयुष्यभर एकमेकांना हसत आलेले. पण मामांनी गळ्याला हात लावला, बोटांना ती पट्टी लागली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. किटली खाली ठेवली. तिथंच, त्या थंडीत, स्वेटर काढला. घडी घालून काखेत मारला. दुधाची फॅट लावून व्हायची वाट पाहिली नाही, चिठ्ठी घेतली नाही, तसेच परत फिरले. आणि चिंचेच्या वळणावर, जिथं ते कधी चुकत नाहीत, तिथं सरळ कुंपणावर जाऊन आदळले.

मी टमटममधून उतरले नाही. बस चुकली असती.

त्या दिवसापासून मामांचं डेअरीवर जाणं बंद. दूध नवरा जाताना टेंपोतून टाकायला लागला. मामा ओटीवर बसायचे, पण रस्त्याकडे पाठ करून. दाढी वाढली. स्वेटर पत्र्याच्या पेटीत गेला आणि "मला थंडी वाजत नाय" असं जाहीर झालं. सकाळी मात्र हात काखेत घालून कुडकुडत बसलेले दिसायचे. नवऱ्यानं दोनदा म्हटलं, मी सोडतो गाडीनं. "मी काय शाळंत जातोय व्हय, सोडायला?" सगळ्यात वाईट काय, तर माझ्याशी भांडण बंद केलं त्यांनी. दूध गाळ म्हटलं की मी गाळायचे, थांबा म्हटलं की ते थांबायचे. घर नुसतं सुनं सुनं वाटायला लागलं.

तेव्हा माझ्या मनात आलं, ज्याला उलटी बाजूच नाही असा स्वेटर कुठं मिळत असेल? विचारलं दोन-तीन दुकानांत. लोकांना वाटलं माझं काहीतरी बिघडलंय.

तोडगा सुचवला नर्सबाईंनी. निवृत्त आहेत, कर्जतला राहतात. तालुक्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, माझी मुलगीसुद्धा, आणि प्रत्येक पोराला त्यांनी स्वतः विणलेलं टोपडं घातलंय. कंपनीतून परतताना मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. मी दारात उभी राहून पाहिलं होतं, एवढं सोडून बाकीचं.

"साबुदाणा वीण," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडून सारखी. दोन सरळ चौकोन विण. खांद्यावर जोड, बाजूनं जोड, डोक्याला मधे फट ठेव. झाली बंडी. मागं-पुढं सारखं, आत-बाहेर सारखं. कशीही घातली तरी चुकायची नाही. पण तुला विणता येतं का?"

"शाळेत असताना एक रुमाल केला होता."

"म्हणजे येत नाही. आण लोकर."

लोकर बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, शिकणाऱ्या बाईनं गडद लोकर घ्यावी का? टाके दिसणार कसे तुला?" मी म्हटलं, गुलाबी बंडी घालून सासरा डेअरीवर कसा पाठवू? त्यावर त्या हसल्या आणि सुया काढल्या.

सांगायला ती वीण एवढीशी आहे. एक टाका सुलट, एक उलट, एक सुलट, एक उलट. टाके विषम घ्यायचे, माझे एक्क्याऐंशी होते, म्हणजे ओळ सुलट टाक्यानं सुरू होते आणि सुलटानंच संपते. मग सुई फिरवायची आणि पुन्हा सुलटानंच सुरुवात. बास. लक्षात ठेवायला दुसरं काही नाही. मागच्या ओळीतली जी गाठ समोर येते तिच्यावर सुलट बसतो, जिथं गाठ नाही तिथं उलट. त्यामुळे सगळीकडे बारीक बारीक दाणे उठतात, भिजलेल्या साबुदाण्यासारखे, आणि पालथं करून बघितलं तरी तेच दाणे. कुठली बाजू वरची ते विणणारीलासुद्धा सांगता येत नाही.

हे झालं सांगायला. करायला बसले तर दुसऱ्याच ओळीत घामाघूम. उलट टाक्याला धागा पुढे घ्यायचा आणि सुलट टाक्याला परत मागे न्यायचा. मी मागे न्यायला विसरायचे. तो धागा सुईवरून आडवा पडायचा आणि पुढच्या ओळीत टाका म्हणून मिरवायचा. एक्क्याऐंशीचे एकशे चार झाले. नर्सबाई म्हणाल्या, "पोरं वाढवावीत, टाके नाही." मी इतके घट्ट टाके घालायचे की सुई आत जाईना. मी ओढायचे, त्या माझ्या हातावर चापट मारायच्या. "ओढू नकोस. आपणहून येतो तो. मी इतकी बाळंतपणं केली, कधी ओढलं का कुणाला?"

चार वेळा उसवलं. पाचव्यांदा बोटभर पट्टी जमली, दोन्हीकडून दाणेदार. मी ती गालाला लावून बघितली. एवढा आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता, खरं सांगते.

मग मी विणतच सुटले. घरी जेवणानंतर, कंपनीत डबा खाल्ल्यावर, बसमध्ये जाता-येता. आणि तिथंच घोळ झाला. लोकर बघितली की आमच्याकडे माणसाचं डोकं एकाच दिशेनं चालतं हे मी विसरले होते. बसमधल्या बायकांनी आधी कुजबुज केली, मग एकीनं सरळ विचारलं, "कितवा गं?" मी म्हटलं, सासऱ्यांची बंडी आहे. "हो हो, बंडी," सगळ्या म्हणाल्या आणि एकमेकींकडे बघून हसल्या. माझ्यासाठी खिडकीची जागा सोडायला लागल्या. चिंचा आणून द्यायला लागल्या. चिंचा मला आवडतात म्हणून मी खाल्ल्या, तर त्यांची खात्रीच पटली.

कर्जतमधली बातमी कडावला पोचायला टमटमइतकाच वेळ लागतो. घरी मामांचं वागणं बदललं. मी पाण्याची कळशी उचलली की "ठेव, ठेव ती खाली!" म्हणून ओरडायचे. एक दिवस वाटीभर साय माझ्यापुढे सरकवली. "खा. हाडात जोर पायजे." मला वाटलं, माझ्यावरचा राग निवळला. जीव इतका हलका झाला की मी ती सगळी साय खाल्ली. मला काय ठाऊक म्हाताऱ्याच्या डोक्यात काय आहे!

मागचा चौकोन पुरा झाला, पुढचाही अर्ध्यावर आला. एका रविवारी संध्याकाळी मी ओटीवर विणत बसले होते. मामा पलीकडे, रस्त्याकडे पाठ करून. बराच वेळ सुयांची टिकटिक ऐकून झाल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"पोरी, बसचे धक्के बरे नाय अशा वक्ताला. रजा टाक."

"कसल्या वक्ताला?"

मामा गोंधळले. सासरा सुनेशी असलं बोलत नाही. हात पुढे करून म्हणाले, "बगू, काय इनतेस ते."

मी विणकाम त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी दोन्ही हातांनी रुंदी मापली, परत मापली, आणि काळजीत पडले. "आगं बाय, एवढं मोठं? जुळं हाय का काय?"

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी अशी हसत सुटले की शेजारीण कुंपणापाशी आली. साय, कळशी, सगळ्याचा उलगडा झाला. हसता हसताच म्हटलं, "अहो मामा, बाळ नाही न् बीळ नाही! तुमच्यासाठी आहे हे. बंडी आहे."

ते हसले नाहीत. हात एकदम मागे घेतले. "मला नको स्वेटर-बिटर."

"स्वेटर नाहीच. याला उलटी बाजू नाही. बघा तरी." माझी जीभ मेली! नको तिथं नेमका 'बघा' हाच शब्द. पण मामांनी खरंच हात परत पुढे केला.

मग त्यांनी जसं बघितलं, तसं त्या विणकामाकडे नर्सबाईंनीही बघितलं नव्हतं. अंगठा वरून आणि तर्जनी खालून, असं चिमटीत धरून कडेपासून हळूहळू सरकत गेले. दोन्ही बोटांना सारखं लागतंय का ते तपासत. उलटवलं, पुन्हा तसंच. हे हात बैलांची मुसकी वळणारे, शिंकी विणणारे. आमच्याकडे बैल होते तोवर मुसकं विकत आणलेलं नव्हतं कधी. त्यांचा चेहरा बदलत गेला.

आणि बोटं थांबली. "हितं काय झालं?"

"कुठं?"

"हे बग. हितवर दानं दानं लागतंय. हितनं फुडं नुसत्या रेगा. शेतात तास धरल्यागत."

मी डोळे बारीक केले. गर्द निळी लोकर, संध्याकाळचा उजेड. "मला तर काहीच दिसत नाही."

"मला तरी कुटं दिसतंय?" मामा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले. "बोट ठिव."

मी बोट ठेवलं. बरोबर होतं. वीतभर रुंद पट्टा, दाणे गायब, उभ्या रेघा. टाके मोजले तर ऐंशी. एक कमी. मग आठवलं. बसमध्ये त्या बाईनं "कितवा गं" विचारलं तेव्हा पळसदरीपाशी बस गतिरोधकावर उडाली, आणि मी तिला उत्तर द्यायच्या नादात दोन टाके एकदम उचलून एक केला. टाके सम झाले की सगळं फिरतं. सुलटावर सुलट येत जातो, उलटावर उलट, दाण्यांच्या रेघा होतात. आणि मी बया रोज डोळे फाडून त्याच्याकडे बघत होते.

"राहू दे," मी म्हटलं. "दोन्हीकडून सारखंच आहे ते पण. कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल. आनि हितं आवळतंय, पोटात धरंल. उसव."

"दहा दिवसांचं काम आहे मामा!"

"उसव, सूनबाई."

सूनबाई! किती दिवसांनी. मी रागारागानं सुई ओढून काढली. मी धागा ओढायला लागले आणि मामा गुंडा करायला लागले. ओळीमागून ओळ जात होती. दोघांचे हात कामात होते, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं, त्यांना तर दिसतच नव्हतं. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं.

"मामा, त्या दिवशी तुम्ही उलटा स्वेटर घातलात, तो मी पाहिला होता. दारात उभी होते. मुद्दाम बोलले नाही."

गुंडा थांबला नाही. मी धागा सोडत राहिले. "टमटममधूनही पाहिलं सगळं. तुम्ही कुंपणावर आदळलात ते पण. उतरले नाही मी." आणि मग मला रडूच फुटलं, लहान पोरीसारखं, नाक गळेपर्यंत.

मामांनी माझं रडणं संपू दिलं. मग म्हणाले, "तू बोलली असतीस, तर मी ऐकलं असतं?"

मी नाक पुसलं.

"तुज्यावर असा राग आल्याला मला! तू उलटा हाय म्हनाली असतीस ना, तर मी मुद्दाम तसाच घालून गेलो असतो. वर तुलाच बोललो असतो." त्यांनी धागा ओढला. "ढिल दे. अडकलंय."

त्यानंतर बंडीला पंधरा दिवस लागले. रोज संध्याकाळी मी विणलेलं त्यांच्याकडे द्यायचे, ते चिमटीत धरून तपासायचे. दोनदा चूक काढली आणि दोनदा उसवायला लावलं. आम्ही कडाकडा भांडलो. नर्सबाईंकडून कडेला कड लावून जोडायचा टाका शिकून आले, म्हणजे शिवण कुठल्याच बाजूला उठून दिसणार नाही. जोडून झाल्यावर मी चार तऱ्हांनी घालून बघितली. चारही वेळा सारखीच.

सोमवारी सकाळी मामांनी दाढी केली. बंडी डोक्यातून घातली, न चाचपता. किटली उचलली आणि गेले, मागे वळून न बघता, ताठ. मी टमटममध्ये जाऊन बसेपर्यंत ते डेअरीवर पोचले होते. मग तोच म्हातारा, खोड जित्याची, "आज तरी सुलटा आलास काय रं?"

मामांनी किटली खाली ठेवली. सगळ्यांदेखत बंडी काढली, आतली बाजू बाहेर केली, मागची पुढे केली, आणि परत घातली. "आता सांग, उलटा का सुलटा?" तो म्हातारा उठून जवळ आला, बंडी हातात धरून खालवर करून बघितली, आणि म्हणाला, "आयला!" मग काय हसले सगळे! मामा सगळ्यात जास्त. टमटम सुटली तरी मला हसणं ऐकू येत होतं.

इथं संपायला हवं होतं. पण खरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची आहे.

दुसऱ्या दिवशी मामांनी किटली उचलली, बंडी घातली, उंबऱ्यापाशी गेले आणि थांबले. वळून माझ्याकडे तोंड केलं. हात दोन्ही बाजूंना जरासे पसरले.

"पोरी, बग गं."

"मामा, अहो, बंडीला उलटं-सुलटं नाहीये."

"म्हाईत हाय मला. तरी बग."

मी हातातलं लाटणं ठेवलं. जवळ गेले. बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत. गळा, खांदे, शर्टाच्या गुंड्या, हनुवटीखाली दाढीचे चुकलेले दोन केस. काही चुकलेलं नव्हतं. "बरोबर आहे," म्हटलं.

"मग हो म्हन की लवकर. म्हस काय थांबती व्हय?" म्हणाले आणि गेले.

तेव्हापासून रोज थांबतात. आता थंडी सरली, बंडी पेटीत गेली, नुसता शर्ट असतो, तरी उंबऱ्यापाशी थांबून माझ्याकडे तोंड करतात. मी हातातलं काम टाकून बघते. कधी उशीर होतो, टमटमवाला रस्त्यावरून हॉर्न मारत राहतो. मी म्हणते, मार मेल्या, किती मारायचा तो.